पंखाचा फाळका

यवतमाळला निघालेय असं सांगितल्यावर आमच्या सांगलीच्या शेजारीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "कोण आजारी आहे?" फिरायला चाललेय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आजारी मीच असावी.

आता त्यांना काय सांगायचं? मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'काळी जमीन, कापूस, यवतमाळ' असं फळ्यावर लिहून लिहून खडू संपवले आणि स्वतः कधी तिकडं फिरकले नाही. पोरांना नकाशात बरोबर ठिपका द्यायला लावायचं आणि आपण त्या ठिपक्याला तोंडसुद्धा दाखवायचं नाही, हे काही बरं नव्हे. त्यात माझा धाकटा भाऊ श्रीकांत तिथं होता. तो लहान विमान चालवतो, सहा जणांचं. पोटाला भोक पाडून कॅमेरा बसवलाय आणि वरून रानाचे, शेतांचे फोटो काढायचं काम चालतं. "अक्का, ये, तुला वरून कापूस दाखवतो," असं म्हणाला आणि मी भडंगाचा डबा भरायला घेतला.

नेर

रेल्वे, बडनेरा, बसची वाट बघणं हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, ते सोडून देते. नेरला बस थांबली. समोर गाड्यावर आलुबोंडा आणि रस्सा. आमच्याकडं वडा म्हणजे हातात धरून खायची वस्तू. इथं तो ताटलीत बुडवतात आणि वरून लाल तर्री सोडतात.

"मॅडम, तर्री टाकू का?" गाडेवाल्यानं विचारलं.

"टाका की. मी काय साताऱ्याची आहे?" मी ऐटीत म्हटलं. साताऱ्याच्या लोकांनी माफ करावं. पुढची दहा मिनिटं मी नाक, डोळे आणि पदर सांभाळण्यात घालवली. मान वर केली तेव्हा बस गेलेली होती. बॅग माझ्याजवळ होती, डबा माझ्याजवळ होता, बस तेवढी नव्हती.

गाडेवाल्यालाच माझी दया आली. त्यानं रस्त्यापलीकडं हाक मारली, "राठोडभाऊ! यवतमाळले चालले का? ह्या मॅडमची गाडी सुटली."

राठोडभाऊ म्हणजे पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस. बाजारात कापूस उतरवून त्याची रिकामी पिकअप परत निघाली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं आणि गाडीच्या मागं गेला. मागचा फाळका त्यानं साखळी काढून खाली पाडला. परत वर केला, साखळी लावली. परत पाडला. मोजून तीनदा. मग बॅगेकडं बोट करून एकच शब्द म्हणाला.

"लादा."

"बॅग का मला?" मी विचारलं.

"बॅग मागं, तुमी पुढं बसा जी," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

वाटेत दोन्ही बाजूंना पांढरी फुललेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, आणि तिच्यात वाकलेल्या बायका. मी त्याला फाळक्याचं विचारलं. एका बॅगेसाठी एवढा खटाटोप कशाला?

"आमी बंजारा, मॅडम. माह्या आज्याचा बाप बैलावर लदेणी करे. मीठ, धान घेऊन ह्या मुलखातून त्या मुलखात. त्याची रीत होती. वझं चढवाच्या आधी उतरवाची गाठ पाह्यची. तीन खेप. बैल बसला, पाण्यात पडला, तं गाठ एका झटक्यात सुटली पायजे. न्हाई सुटली तं बैलबी गेला अन् मालबी गेला. म्या बैल सोडले, रीत न्हाई सोडली."

मी म्हटलं माझा भाऊ विमानतळावर असतो. त्यानं एकदम ब्रेक दाबला.

"ते विमानवाले तुमचे भाऊ होय? त्यायनंच माह्या पोरीले येडं केलं!"

यवतमाळ, धावपट्टी

वेड लागलेल्या मुलीचं नाव निकिता. बारावी झालेली, अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी. श्रीकांतचं विमान पहिल्या दिवशी तांड्यावरून गेलं तेव्हा ती कापूस वेचत होती. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत धावपट्टीच्या फाटकाशी हजर. रखवालदार मेश्रामभाऊंनी तिला तीन दिवस हाकललं आणि चौथ्या दिवशी तेच तिच्यासाठी श्रीकांतकडं रदबदली करायला आले. "साहेब, एक डाव आतून दाखवून द्या नं. न्हाई तं हे पोट्टी मले रिटायर होऊ देत न्हाई."

श्रीकांतनं विमान दाखवलं, वर विमानाचं जाडजूड इंग्रजी पुस्तकही वाचायला दिलं. मला वाटलं, टळावी म्हणून दिलं असणार. तिनं शब्दकोश घेऊन ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि त्याच्या दोन चुका काढल्या. माझ्या भावाच्या चुका काढणारं माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटलं, मी तिच्यावर लगेच जीव टाकला.

तिनं विमानचालनाच्या प्रशिक्षणाची प्रवेश परीक्षाही दिली होती आणि पास झाली होती. अर्ज सुबक अक्षरात लिहून तयार होता. खाली पालकाची सही तेवढी राहिली होती. श्रीकांत परवा परत जाणार होता आणि जाताना अर्ज घेऊन जाणार होता. पोस्टानं पाठवायला आता दिवस उरले नव्हते.

"अन् बापू सही करत न्हाई," निकिता म्हणाली. "रागवत न्हाई, ओरडत न्हाई. एकच गोष्ट इचारते."

ती गोष्ट राठोडभाऊंनी माझ्यासमोरच विचारली. विमानाभोवती एक चक्कर मारली, पंखाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "चढाचं मले समजलं. पण हे पडलं तं माही पोट्टी कोठून निंघन?"

श्रीकांत हसला. तिथंच चुकलं त्याचं. "अहो काका, पडत नाही ते."

"बैलबी रोज पडत न्हाई," राठोडभाऊ म्हणाले आणि पोरीला पिकअपमध्ये घालून घेऊन गेले.

आता या विमानाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. या विमानाचे पंख छपरासारखे डोक्यावर असतात. पुढं डावीकडं चालकाचं एकच दार. मागच्यांसाठी उजव्या अंगाला, पंखाच्या मागच्या कडेखाली, दोन झडपांचं दार, आपल्या कपाटासारखं. एक झडप पुढं उघडते, एक मागं. आणि पंखाच्या मागच्या कडेला एक लांब पत्रा असतो. त्याला फ्लॅप म्हणतात. विमान उतरवताना तो खाली झुकवतात म्हणजे विमान हळू होतं. राठोडभाऊंनी त्याचं बारसं तिथल्या तिथं केलं होतं. पंखाचा फाळका.

तांड्यावर जेवण

दुसऱ्या दिवशी राठोडांचं बोलावणं आलं म्हणून आम्ही जेवायला गेलो. निकिताच्या आईनं, शेवंताबाईंनी, चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्यांच्या गोरबोलीत भाकरीला बाटी म्हणतात. जोडीला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या हिरव्या दाण्यांची, भाजी आणि ठेचा. आमच्याकडं पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारतात. इथं विचारत नाहीत, नुसतं वाढतात. मी ताटावर आडवा हात धरला तर शेवंताबाईंनी तो उचलून बाजूला ठेवला.

जेवताना विषय टाळायचा असं श्रीकांतनं मला बजावलं होतं. त्यामुळं मी तोच काढला.

"राठोडभाऊ, बाहेरून चकरा मारून काय कळणार हो? आत बसून बघा की दार कसं उघडतं ते."

श्रीकांतनं मला पायानं ढोसलं. निकिताच्या हातातला तांब्या हातातच राहिला. राठोडभाऊंनी घास संपवला, पाणी प्यायले.

"बसतो," ते म्हणाले. "पण माह्या रीतीनं. विमान पडते ते जास्त करून उतरतानी. उतरतानी पंखाचा फाळका खाली राह्यते. तं तो खाली ठेवाचा. पुढचं दार अडलं असं समजून मी मागं बसन. मले कोणी काई सांगाचं न्हाई, हात लावाचा न्हाई. मी आपला आपण बाहेर आलो, तं सही करतो. न्हाई आलो, तं पोट्टी फार्मसीले जाईन. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हटलं. माझ्या बापाचं काय जात होतं?

निकिताचं तोंड मात्र उतरलं. ती श्रीकांतला हळूच म्हणाली, "सर, फ्लॅप खाली?" श्रीकांत म्हणाला, "अगं, दारावर सगळं लिहिलेलं आहे, लाल दांडा आहे, कुणालाही कळेल." ती जरा शांत झाली.

हे बोलणं मला नंतर कळलं, तेव्हाच ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मी तेव्हा शेवंताबाईंच्या भरतकामात हरवले होते. लाल कापड, त्यावर आरसे, कवड्या, निळ्या-पिवळ्या दोऱ्यांचे चौकोन. मी इतकं कौतुक केलं की त्यांनी एक हातभर तुकडा माझ्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा, बाई. लेकीच्या रुखवतासाठी शिवलं होतं. लेक तं आभाळात चालली."

"जाऊ देणार का मग तुम्ही?" मी विचारलं.

"मी तं कवाच सोडली," त्या म्हणाल्या. "बाप्याची गाठ सुटली पायजे आता." आणि डोळे पुसून त्यांनी मला अजून एक भाकरी वाढली.

शेवटची सकाळ

मला आवरायची सवय आहे. शाळेत स्टाफरूमसुद्धा मीच आवरत असे. सकाळी श्रीकांत मेश्रामभाऊंबरोबर चहा घेत होता तेव्हा मी विमानात चढले. आत कळकट होतं नुसतं. खुर्च्या पुसल्या. मागच्या झडपेवर आतून एक लाल दांडा आणि त्याच्या बाजूला इंग्रजी मजकुराची पिवळी पडलेली चिकटपट्टी, अगदी दरिद्री दिसत होतं. म्हटलं, राठोडभाऊ आत बसणार, त्यांना प्रसन्न वाटायला हवं. शेवंताबाईंचं कापड मी त्यावर झकास चिकटवून टाकलं. आरसे काय चमकत होते! स्वतःवरच खूश होऊन मी खाली उतरले.

आठ वाजता राठोडभाऊ आले, धुतलेल्या सदऱ्यात. मागं निकिता, तिच्या हातात अर्ज.

"मीपण बसते मागं," मी म्हटलं.

"कायले?"

"पडताना विमान रिकामं असतं होय?"

त्यांना ते पटलं. आम्ही दोघं मागं बसलो, मी भडंगाचा डबा मांडीवर घेऊन. श्रीकांतनं दार लावलं, पुढून चढला, बटण दाबलं. घूं घूं करत पंखाचा फाळका खाली आला. मग तो उतरून बाहेर उभा राहिला.

राठोडभाऊंनी हातावर थुंकी लावल्यासारखं केलं आणि पुढच्या झडपेची कडी फिरवली. झडप उघडली. चार बोटं उघडली आणि खाड्कन वर कशाला तरी आपटून थांबली. पंखाचा फाळका बरोबर तिच्या वाटेत उतरलेला होता. त्यांनी खांदा लावला. पत्रा कुरकुरला.

"काका, ढकलू नका!" बाहेरून श्रीकांत ओरडला. "थांबा, फ्लॅप वर घेतो." तो पळत पुढून आत आला, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. मग त्यानं कपाळावर हात मारला. दार जरा जरी उघडं असलं तरी फ्लॅप हलायचा नाही, अशी सोय त्या विमानात केलेली असते. म्हणजे फाळका खाली म्हणून दार उघडेना, आणि दार उघडं म्हणून फाळका वर जाईना. वा रे सोय!

"काका, दार जरा लावून घ्या आतून, मग..."

"उघडलेलं दार लावू?" राठोडभाऊ गरजले. "मले येडा समजता का? अन् तुमी कायले मधात आले? बाहेर व्हा!"

श्रीकांत बाहेर गेला. मेश्रामभाऊ खिडकीला नाक लावून म्हणाले, "राठोडभाऊ, पुढच्या शिटावरून निंघून या नं."

"समोर सायबाचं धूड राह्यलं तं? न्हाई. माही पोट्टी मागं हाय असं समजून राह्यलो मी."

खिडकीतून मला निकिता दिसत होती. तिनं अर्ज छातीशी धरला होता आणि ओठ गच्च मिटले होते. काय करायचं ते तिला ठाऊक होतं, पण बापाला शब्द दिलेला. ती एकसारखी माझ्या मागं कुठंतरी बघत होती. मी वळून बघितलं. माझ्या मागं ते कापड.

अगं आई गं! लाल दांडा!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय करून बसले होते मी? सांगितलं तर अट मोडली, सही गेली. न सांगितलं तर हा माणूस इथून निघत नाही, सही गेली. आणि दोन्हीकडून त्या पोरीचं नुकसान करणारी मी, भूगोलाची बाई, आवराआवर करणारी! श्रीकांतनं सांगायला तोंड उघडलं तर निकितानं 'नको' म्हणून मान हलवली, आणि तिचे डोळे भरले. मला इतकं वाईट वाटलं की मी भडंगाचा डबा उघडून तोंडात बकाणा भरला. घाबरले की मला भूक लागते.

आणि भडंग चावता चावता सुचलं.

"राठोडभाऊ," मी अगदी भोळ्या आवाजात म्हटलं, "हे तुमच्या मंडळींनी दिलेलं कापड. मी उलटं लावलंय का हो? आरसे कसेतरीच दिसतायत."

त्यांनी मान वळवली. कापडाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग हात लांब करून कापड काढलं. खाली लाल दांडा. इंग्रजी मजकूर त्यांना वाचता येत नव्हता, पण तीस वर्षं फाळके उघडणाऱ्या माणसाला दांडा वाचता येतो. त्यांनी तो पुढं फिरवला, तळहातानं एक दणका दिला, आणि मागची झडप सताड उघडून मागं गेली. थंड वारा आत आला. राठोडभाऊ आधी उतरले, मग त्यांनी मला हात दिला.

मेश्रामभाऊंनी टाळ्या वाजवल्या. श्रीकांतनं मला कोपऱ्यात घेऊन जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. तो बरोबर होता एवढंच लिहिते.

निकितानं अर्ज पुढं केला. राठोडभाऊंनी तो घेतला नाही. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कापड सुलटंच होतं, मॅडम."

मी जमिनीकडं बघितलं. एकतीस वर्षं कॉपी पकडली आणि शेवटी स्वतः सापडले.

"म्हंजे मी माह्यानं न्हाई निंघालो," ते म्हणाले. निकिताचा हात खाली आला. "पण इमानात मले कुठी बसाचं हाय? जिले बसाचं हाय तिची गाठ पाह्यतो मी."

त्यांनी निकिताला मागं बसवलं. शेवंताबाईंचं कापड तिच्या डोळ्यांवर बांधलं, गाठ ओढून बघितली. "धूर झाला, अंधार झाला, समज." फाळका खाली, दार बंद. त्यांनी विमानावर थाप मारली. खट्, धप्प, आणि आरशांची पट्टी डोळ्यांवर बांधलेली पोर गवतावर उभी. मला डबा बंद करायलाही वेळ मिळाला नव्हता.

"अजून एक खेप."

दुसऱ्यांदा तर ती आणखी लवकर आली.

"आता ह्यायलेबी मधात घाल," राठोडभाऊ माझ्याकडं बोट करून म्हणाले. "ह्या काई कामाच्या न्हाईत. ह्यायले काढून दाखव."

मला राग यायला हवा होता. मी निमूट जाऊन बसले. थाप पडली. तेवढ्यात तो सतरा वर्षांचा आवाज माझ्या कानाशी आला, असा की माझ्या वर्गात मला कधी काढता आला नाही: "मॅडम, डबा सोडा. डोकं खाली. माझ्या खांद्याला धरा. चला!" मी डबा सोडला. झडप उघडली, तिनं मला ढकललं, मी गवतावर चारी मुंड्या चीत आणि भडंग धावपट्टीवर. ती माझ्यानंतर उतरली, आत हात फिरवून कुणी राहिलं नाही ना ते चाचपून.

राठोडभाऊंनी ते बघितलं. तिच्या डोळ्यांवरचं कापड सोडलं, घडी करून खिशात घातलं. पिकअपचा फाळका पाडला, अर्ज त्याच्यावर ठेवला आणि पेन घासत घासत, एकेक अक्षर काढत सही केली. डोळे पुसायला त्यांनी पाठ फिरवली, पण मेश्रामभाऊंनी बघितलंच.

मग त्यांनी अर्ज श्रीकांतच्या हातात दिला, पोरीला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि विमानाकडं बोट केलं.

"लादा."